झिजलेल्या पॅडची साक्ष

घाट उतरून रस्ता सपाटीला लागतो, तिथे एका वृद्ध कारागिराचे गॅरेज होते. सारे त्यांना इलाही वस्ताद म्हणत. त्यांच्या हाताखाली मल्हारी नावाचा तिशीतला शिष्य काम शिकत होता. त्याचा हात विलक्षण वेगवान होता आणि त्या वेगाचा त्याला अभिमानही होता.

एके सकाळी अनसूया सिस्टर आल्या. घाटमाथ्यावरच्या वस्त्यांवर लस टोचायला त्या स्वतःची गाडी चालवत जात. आज त्यांचा चेहरा उतरला होता.

"मल्हारी, सहा महिन्यांत ही तिसरी खेप. ब्रेक पुन्हा किंचाळतोय. दाबला की गाडी उजवीकडं ओढते. काल वळणावर कठड्याला लागता लागता राहिले रे. मी आता घाट चढत नाही. दुसरं कुणी बघा, म्हणून वर कळवून टाकते."

मागच्या दोन्ही वेळी ब्रेकचे पॅड मल्हारीनेच बदलले होते. "आत्ता करून देतो," म्हणत त्याने मागच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला, पुढचे डावे चाक उतरवले. खालचा बोल्ट सोडवून, चाकाच्या डिस्कला दोन्ही अंगांनी पॅड दाबणारा कॅलिपर वर उचलला, नळीवर ताण येऊ नये म्हणून तारेने बांधला आणि दोन्ही झिजलेले पॅड उपसले. ते भंगारात टाकायला वळला, तर वस्ताद नव्या पॅडच्या खोक्यावर चक्क बसलेले!

"वस्ताद, खोका द्या की."

"नाही देणार."

"अहो, सिस्टरना वर जायचंय!"

"म्हणूनच नाही देणार. हातातलं बघ आधी."

सिस्टरांसमोर ही शोभा! मल्हारीचे कान तापले. रागारागाने त्याने पॅड उन्हात धरले आणि तो थबकला. डिस्कच्या बाहेरच्या अंगाचा पॅड जवळजवळ नवा होता. आतल्या अंगाचा मात्र झिजून पोस्टकार्डाएवढा पातळ उरला होता. त्याने उजव्या चाकाचेही पॅड काढले. ते दोन्ही सारखेच झिजले होते.

मग त्याने डावा कॅलिपर हाताने सरकवून पाहिला. तो जागचा हलेना. ज्या पिनांवर तो सरकतो, त्यांतली एक गंजून जाम झाली होती.

"म्हणजे इतके दिवस इथं एकटा आतलाच पॅड राबत होता! डावा ब्रेक अर्धाच लागायचा, म्हणून गाडी उजवीकडं ओढायची!" मल्हारी उद्गारला. त्याने पिना घासून लख्ख केल्या, ग्रीस लावले. आता कॅलिपर एका बोटाने सरकू लागला.

वस्ताद उठले. खोका त्याच्या हाती देत म्हणाले, "बाळा, तुझ्या वेगाला मी नाव ठेवत नाही. पण वस्तू कुठं झिजली, किती झिजली, हे तिच्याच अंगावर लिहिलेलं असतं. ते न वाचता नवी बसवलीस, तर झिजायला आणखी एक दिलीस, एवढंच. मागच्या दोन्ही वेळी मीही पाहिलं नाही. तो दोष माझा."

नवे पॅड बसले. पेडल घट्ट लागेपर्यंत मल्हारीने ते दाबून घेतले. मग तिघेही गाडीत बसले. सिस्टरच चालवत होत्या. घाट चढून परत उतरताना त्या वळणावर त्यांनी श्वास रोखून ब्रेक दाबला. गाडी नाकासमोर सरळ, मुकाट्याने थांबली. त्यांनी पुन्हा पुढे घेऊन पुन्हा थांबवली. तिसऱ्यांदा तर नुसत्या आनंदानेच!

"वर कळवायचं राहिलं ना?" वस्तादांनी हसत विचारले.

"कळवते की! सोमवारी मीच येतेय म्हणून!"

मल्हारी मोठ्याने हसला. वेगात काम उरकल्यावर होई, त्याहून हा आनंद निराळा आहे, हे त्याला जाणवले. गॅरेजपाशी एक टेम्पोवाला खोळंबला होता. मल्हारीने पान्याला हात लावला नाही. तो टेम्पोवाल्याजवळ बसला आणि म्हणाला, "गाडीला काय होतंय, सगळं सावकाश सांगा." आणि शेवटपर्यंत ऐकत राहिला.