अस्वलाचा पहिला घोडा

नदीच्या वळणावर पसरलेल्या एका जंगलात एक अस्वल राहत असे. आता ते म्हातारे झाले होते, तोंडाभोवतीचे केस पिकले होते. पण थंडी सरली आणि माळावरचे गवत पिवळे पडू लागले, की त्याचे मन जुन्या दिवसांकडे धाव घेई. तेव्हा त्या माळावर दरवर्षी घोड्यांची शर्यत भरे. ससे वारुळांवर चढून बसत, माकडे फांद्यांवर दाटी करत, आणि टापा जवळ ऐकू आल्या की सगळा माळ श्वास रोखून धरी. मुलांनो, हे अस्वल त्याच गर्दीत लहानाचे मोठे झाले. आपलाही एखादा घोडा इथे धावावा, हा एकच ध्यास त्याने घेतला होता.

तरुणपणी एका वसंतात ते मधाची पोळी खांद्यावर टाकून शिंगरांच्या बाजारात गेले. घोड्यांतले त्याला ओ की ठो कळत नव्हते. एका कोल्ह्याने ते लांबूनच ओळखले. "या, अस्वलराव! जातिवंत माल आहे. याचा पणजोबा या माळावर कधी हरला नाही. अन् कातडी बघा, कशी चमकते!" ते काळेभोर शिंगरू पाहून अस्वलाचे भान हरपले. शेजारी एक म्हातारी घोडी चरत होती. तिने कैक शर्यती मारल्या होत्या. ती हळूच म्हणाली, "बाळा, चमक काय, तेल चोळूनही येते. त्याला आधी चालवून बघ. पुढचे पाय कसे पडतात ते पाहा, पळून आल्यावर धाप किती वेळात ओसरते ते ऐक." अस्वल हसले. "आजी, ज्याचा पणजोबा कधी हरला नाही, त्याला चालवून काय बघायचे?" असे म्हणून त्याने सगळा मध कोल्ह्याच्या पुढ्यात ठेवला.

दोन वर्षांनी तो घोडा शर्यतीत उतरला. या दोन वर्षांत अस्वलाने त्याला मित्रांना दाखवण्यापलीकडे काही केले नव्हते. अर्ध्या माळापर्यंत घोडा सर्वांच्या पुढे होता. मग त्याचा पुढचा पाय एकाएकी दुमडला आणि तो धुळीत कोसळला. कोल्हा धावत आला. "सोडा हो त्याला इथेच! याचाच धाकटा भाऊ आहे माझ्याकडे, तो घ्या." घोड्याने मान उचलली. "मालक, मी होता नव्हता तेवढा जोर लावला," एवढेच तो म्हणाला. 'मालक' हा शब्द अस्वलाच्या काळजात रुतला. त्याने कोल्ह्याला वाटेला लावले आणि म्हाताऱ्या घोडीला बोलावून आणले. "आजी, आता काय करू?" "आता तरी त्याच्या पायाकडे बघ," घोडी म्हणाली. गुडघा जन्मापासूनच आत वळलेला होता. "म्हणजे हे बाजारातच दिसत होते?" अस्वलाने विचारले. "दिसत होते. तू बघितले नाहीस."

मग वर्षभर अस्वल रोज पहाटे त्या घोड्याला नदीच्या गार पाण्यात घेऊन उभे राहिले. गुडघ्याला चिकणमातीचा लेप लावला, अंगाला खरारा केला, कोवळे गवत वेचून आणले. कान मागे पडले की घोड्याला दुखते आहे, नाकपुड्या सैल पडल्या की तो निवांत आहे, हे हळूहळू अस्वलाला, न विचारताच, उमगू लागले. घोडा पुन्हा शर्यतीत धावला नाही. पण एके सकाळी तो पाण्यातून बाहेर आला आणि काठाकाठाने, थोडा लंगडत का होईना, दुडक्या चालीने पळाला. अस्वल काठावर बसून ढसाढसा रडले. पुढच्या वसंतात ते पुन्हा बाजारात गेले. दुपारपर्यंत मुकाट्याने नुसते पाहत राहिले आणि शेवटी मातकट रंगाची, कुणी ढुंकूनही न पाहिलेली एक शिंगी त्याने निवडली. तिचे पाऊल सरळ पडत होते, धाप लगेच ओसरत होती. कोल्हा पोट धरून हसला. तीच शिंगी मोठी होऊन सलग तीन वर्षे शर्यत जिंकली.

आता माळावर बाभळी माजल्या आहेत, शर्यती कधीच्या बंद पडल्या. नदीपलीकडे मात्र नवा बाजार भरतो. परवा तिकडे निघालेले एक रानडुक्कर सल्ला विचारायला आले. "आजोबा, तुमचा सर्वांत चांगला घोडा म्हणजे ती मातकट घोडीच ना?" अस्वल म्हणाले, "सर्वांत वेगवान तीच. पण तिला ओळखणारे डोळे मला त्या लंगड्याने दिले. तो काठावरून दुडक्या चालीने पळाला ना, ती सकाळ कुणी परत आणून देणार असेल, तर तिच्या बदल्यात मी तिन्ही शर्यती देऊन टाकीन."

तात्पर्य : एखादी गोष्ट विकत घेतल्याने आपण तिचे मालक होतो, तिची पारख मात्र मनापासून केलेल्या सेवेतूनच येते.