रंगच तेवढा राहिलाय

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं. तिथे केरबा नावाचा सुतार राहायचा. घोडागाडी बांधावी तर केरबानेच, असं लोक म्हणत. बसणारा कोण, वाट कसली, घोडे कसे, हे सगळं पाहून तो गाडी बांधी. त्यामुळे त्याच्या हातची एक गाडी दुसरीसारखी नसे. हात असा सोन्याचा, पण काळीज सशाचं. ‘नाही’ हा शब्द त्याच्या घशातच अडकायचा.

एक दिवस त्या मुलखाचे सरदार त्याच्या अंगणात येऊन उभे राहिले. त्यांच्या रागापुढे भलेभले चळचळा कापत.

“केरबा, माझ्या लेकीची आजी घाटापलीकडे अंथरुणाला खिळलीय. डोळे मिटण्याआधी नातीला बघायचं म्हणते. पोर आजारातून नुकती उठलीय, तिला हिसके सोसणार नाहीत. तिच्यापुरती मऊ चालणारी गाडी बांधून दे. पौर्णिमेपर्यंत होईल ना?”

होणार नाही, हे केरबाला ठाऊक होतं. चाकाच्या मधोमध लाकडाचा तुंबा असतो, सगळे आरे त्यातच रोवलेले. त्याला चांगलं वाळलेलं लाकूड लागतं. घाई करून ते वाळत नाही. पण सरदारांच्या हातातल्या चाबकाकडे त्याची नजर गेली आणि तोंडून निघून गेलं, “होईल की, सरकार!”

झालं भलतंच. जवळ होता तो अर्धवट वाळलेला ओंडका कोरताना उभा तडकला. बायको सगुणा म्हणाली, “अहो, आजच जाऊन सांगा. बोलणी खाल, पण मोकळे व्हाल.”

“चामडी लोळवतील माझी!” केरबा म्हणाला आणि घरातच बसून राहिला.

सरदारांचा स्वार चौकशीला आला, तेव्हा त्याने सांगितलं, “झालीच म्हणा. रंगच तेवढा राहिलाय.” पौर्णिमा उलटली. स्वार पुन्हा आला, केरबाने पुन्हा तेच सांगितलं. पुढे पुढे तर घोड्याच्या टापा ऐकल्या की तो हातातलं काम टाकून उठे. तो लाकडांच्या ढिगामागे अंग चोरून बसे आणि सगुणा दारातून सांगे, “घरी नाहीत.” घास गिळवेना. दारात कोणी नुसतं खाकरलं तरी हातातली पटाशी निसटे. शेवटी त्या भीतीपायीच त्याने ओल्या लाकडाचा तुंबा बसवला आणि वरून झकास रंग चढवला.

तिकडे सरदारांनी पालखीचे भोई बोलावले होते. रंगच राहिलाय म्हटल्यावर त्यांनी ते परत पाठवले.

एका सकाळी सरदार लेकीला घेऊनच आले. फिकुटलेली, काटकुळी पोर. गाडीत बसताच तिचा चेहरा उजळला. “किती मऊ आहे हो, केरबाकाका! आजी म्हणेल, राणीसारखी आलीस.”

केरबाने तोंड उघडलं. मग सरदारांचा चाबूक दिसला आणि तो मागे सरला. गाडी निघाली, सरदार घोड्यावरून सोबत.

धूळ खाली बसली. आता त्याच्या डोळ्यांपुढे चाबूक नव्हता. घाटातलं ते अवघड वळण होतं आणि वळणाखालची दरी. “अगं, पोर आहे गं त्यात!” तो सगुणेकडे बघून ओरडला आणि पायवाटेने धावत सुटला. काट्यांनी पाय फाटले, छाती फुटायची वेळ आली. वर पोचतो तो गाडी वळणाशी आलेली, आणि तिचं चाक लटलट हलत होतं.

तो थेट घोड्यांसमोर जाऊन उभा ठाकला. “थांबा, सरकार! तुंबा ओला आहे. मी खोटं बोललो! पोरीला उतरवा!”

सरदारांनी झेप घेऊन लेकीला खाली घेतलं, घोडे सोडायला लावले. मग त्यांनी चाकाला हात घातला मात्र, आरे खळखळून निसटले आणि गाडी दरीच्या काठावर आडवी झाली.

चाबूक वर उचलला गेला. केरबाने डोळे मिटले. पण फटका आलाच नाही. सरदारांनी चाबूक खाली टाकला.

“पालखीने वेळ लागला असता,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “पण पोर एव्हाना आजीपाशी असती. उशीर होतोय म्हणाला असतास तर रागावलो असतो, दुसरी वाट काढली असती. तू ती वाटच बंद केलीस रे!”

भोई पुन्हा बोलावून पालखी निघाली, पण ती पोचेपर्यंत आजीची चिता विझली होती. परतताना पोरीने केरबाच्या दारात पालखी थांबवायला लावली. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, “आजी शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, काका.”

त्यापेक्षा चाबूक परवडला असता.

पुढे एक व्यापारी आला. “मुलाच्या वरातीला गाडी हवी. लग्नाआधी देशील ना?” केरबाला भीती तेव्हाही वाटली. तरी तो म्हणाला, “नाही होणार, शेटजी. लाकूड अजून ओलं आहे.”

व्यापाऱ्याच्या कपाळाला आठी पडली. तो जायला वळला, थबकला आणि ओट्यावर टेकला. “बरं, मग वरातीचं मी दुसरं बघतो. पण गाडी मला तुझ्याच हातची हवी. खरं सांग, कधी होईल?”

केरबाने खरं सांगितलं. कितीतरी दिवसांनी त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला.

तात्पर्य एवढंच, की उशीर माणसं सोसतात, पण भीतीपोटी तो लपवला तर त्यांना सावरायलाही वेळ उरत नाही.