दम खाणारा अ‍ॅम्प्लिफायर

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंच्या दुकानात एकटाच बसला होता. गुरू म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हचे जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ. परगावी जाताना त्यांनी प्रथमच दुकान शिष्याच्या हाती सोपवले होते, आणि त्या विश्वासाने त्याची छाती फुगली होती.

तेवढ्यात गिटार वाजवणाऱ्या एक बाई आपला अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आल्या. "आवाजाचं बटण खरखरतंय, तेवढं बघा. बाकी याचा स्वभाव ठाऊक आहे मला. तार जोरात छेडली की हा जरा दम खातो. शुक्रवारी देवीच्या उत्सवात वाजवायचंय हो!"

"दम खातो" ही शिष्याने तक्रारच समजली. बटण साफ करून त्याने मीटर लावला. खरेच की! जोराचा सूर निघताच आतले व्होल्टेज खाली बसे आणि सावकाश वर येई. त्याने वीज एका दिशेला वळवणारा रेक्टिफायरचा व्हॉल्व्ह काढला, त्या जागी तेच काम न अडता करणारे डायोड बसवले, वर वीज साठवणारा मोठा कपॅसिटर जोडला. आता काटा जागचा हलेना.

शुक्रवारी सकाळी गुरू परतले. पाठोपाठ बाई आल्या, तार छेडली आणि त्यांचा चेहराच उतरला. "अहो, काय केलंत याचं? सूर नुसता टोचतोय. संध्याकाळी हा घेऊन मी बसू कशी?"

"पण ताई, तुम्हीच म्हणालात ना, दम खातो म्हणून?"

"अहो, कौतुकानं म्हटलं मी!"

शिष्याने चोरून गुरूंकडे पाहिले. आता गुरुजी कायमचे घरी बसवणार! गुरूंनी मात्र अ‍ॅम्प्लिफायरकडे पाहिलेसुद्धा नाही. चपला पायांत सरकवत ते म्हणाले, "शेजारी काकूंकडे व्रताचं उद्यापन आहे. चला जेवायला. ताई, तुम्हीही चला."

"गुरुजी, आत्ता? संध्याकाळी कार्यक्रम आहे!"

"आत्ताच. पोळ्या गरम आहेत."

पंगत बसली. काकू तव्यापाशी होत्या आणि त्यांची सून टोपलीतून पुरणपोळ्या वाढत होती. आधी कोणी अर्धी मागे, कोणी चतकोर. टोपली भरलेलीच राही. मग तूप आले आणि सगळी पंगत एकदम ओरडली, "इकडे पोळी!" पाहता पाहता टोपली रिकामी. सून हसून म्हणाली, "अहो, जरा दम खा! तवा एकच आहे." लोक हसले, आमटीचे भुरके मारू लागले. मग वाफाळती पोळी पानात पडली, आणि शिष्याचे डोळे आपोआप मिटले.

"कशी आहे?" गुरूंनी विचारले.

"काय सांगू, गुरुजी!"

"ताईंचा अ‍ॅम्प्लिफायर असाच जेवतो, बाळ. तवा म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर. ट्रान्सफॉर्मरच्या तारेत आणि त्या व्हॉल्व्हमध्ये वीज थोडी अडते, म्हणून हवी तेवढी एकदम येत नाही. टोपली म्हणजे कपॅसिटर. हळू वाजवलं की टोपली भरलेली. जोरात छेडलं की आवाज मोठा करणारे शेवटचे व्हॉल्व्ह एकदम वीज मागतात, टोपली ओसरते, व्होल्टेज बसतं. म्हणून सूर आधी किंचित दबतो, आणि टोपली भरेल तसा फुलतो. तू तवा मोठा केलास, टोपलीही मोठी केलीस. ठाम, कडक सूर हवा असेल त्याला तसंच करून द्यावं. पण या ताईंची बोटं त्या फुलण्यासाठी थांबतात. तू मीटरला विचारलंस, त्यांना विचारायचं राहिलं."

शिष्याने मान खाली घातली. "मला घरी पाठवणार का?"

"पाठवीन की. कार्यक्रम ऐकून झाल्यावर! आधी जुना व्हॉल्व्ह बसव. आणि हात घालण्यापूर्वी आत साठलेली वीज उतरव, नाहीतर देवीआधी तुझीच आरती व्हायची!"

बाई खळखळून हसल्या. संध्याकाळी त्यांचा पहिलाच जोरकस सूर किंचित खाली बसला आणि मग मंडपभर उमलत गेला. शिष्य ऐकतच राहिला.

दुसऱ्या दिवशी एक आजोबा रेडिओ घेऊन आले. "हा सारखा गुणगुणतो बघा," ते म्हणाले. शिष्याने हातातला पाना खाली ठेवला. "आजोबा, ते तुम्हाला खुपतं की आवडतं?"

आजोबा चमकले, मग लाजून हसले. "गुणगुणू दे हो त्याला. घरात तेवढीच सोबत. स्टेशन तेवढं लावून द्या."

आपल्या माणसाचा एखादा स्वभाव दुरुस्त करायला निघण्यापूर्वी आपणही एवढे विचारून पाहावे.