चिमाईचं 'नाही'

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या आजीच्या आजीलाही दात यायचे होते तेव्हा, बालाघाटच्या डोंगराखाली कुसळवाडीत चिमा नावाची भडभुंजीण राहत होती. भडभुंजीण म्हणजे दाणे भाजून देणारी. नवरा गेलेला, पदरात एक लेक, तिचं नाव हौशी. घर एका खणाचं, घरापुढं मातीची भट्टी, भट्टीवर कढई आणि कढईत काळी तापलेली वाळू. ज्वारी टाकली की वाळूत तडतड व्हायची आणि पांढऱ्या लाह्या उसळून अंगणात पडायच्या. असं म्हणतात की तिची भट्टी पेटली की वेशीबाहेरची गुरंसुद्धा चरायचं सोडून मान वर करायची.

दुपार कलली की गावातली पोरं तिच्याकडं निघायची. कुणाच्या टोपीत ज्वारी, कुणाच्या ओच्यात हरभरे. आईनं दिलेले असायचे, नाहीतर आईला न सांगता उतरंडीतून काढलेले असायचे. चिमा ते विचारायची नाही. ती फक्त आपली मूठ घ्यायची. भाजायच्या आधी प्रत्येकाच्या दाण्यांतून एक मूठ कच्चा दाणा बाजूला काढायचा, तीच तिची मजुरी. मग उरलेलं भाजून, चाळून, गरम गरम ज्याच्या त्याच्या पदरात. ज्याचे दाणे कमी, त्याला दुसऱ्याच्या लाह्यांतली ओंजळ देऊन टाकायची. ज्याच्या लाह्या गेल्या त्यानं तोंड वाकडं केलं तर म्हणायची, "रड. डोळ्यातलं पाणी लाह्यांवर पाड, मीठ लावायला नको."

न फुटलेले दाणे, म्हणजे गणंग, तळाशी राहायचे. ज्याचा दात हलायला लागलाय त्याला ती ते चावायला द्यायची. कुसळवाडीतल्या कित्येकांचे दुधाचे दात चिमाच्या अंगणात पडले. म्हातारी झालेली माणसं मरताना देवाचं नाव विसरायची, पण त्या गरम वाळूचा वास त्यांना आठवायचा, असं म्हणतात.

पण चिमाची मूठ मोठी होती. खरं आहे ते, झाकायचं कशाला. शेजारची राहीबाई एकदा अंगणात येऊन म्हणाली, "चिमे, मूठ हाय का सूप?"

"सूप असतं तर तुझं पोरगं मोकळ्या पदरानं घरी आलं असतं."

"लेकरांच्या तोंडचं काढतीस."

"काढते. तू घाल मग."

तिच्या तोंडाला कोण लागणार. बायका मागं बोलायच्या आणि पोरांना पुन्हा तिच्याकडंच पाठवायच्या, कारण तिच्यासारख्या लाह्या दुसऱ्या कुणाच्या हातून फुलत नव्हत्या.

ती ते दाणे काय करायची, हे गावाला ठाऊक होतं. निम्मे मायलेकी खायच्या. निम्मे घरामागच्या पेवात जायचे. पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, वर झाकण, झाकणाला शेणमातीचा लेप. दर साली ती जुना दाणा काढून खायची आणि नवा भरायची. राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला मधे घालून. पेव कधी रिकामं ठेवलं नाही.

का ठेवलं नाही, तेही सांगते. चिमा लहान असताना तिच्या माहेरच्या गावाला दुष्काळ पडला होता. घरात बियाण्याची पायली तेवढी उरली होती. लेक रडते म्हणून तिच्या आईनं ते बियाणं दळलं आणि भाकऱ्या करून घातल्या. तशी गोड भाकरी जन्मात पुन्हा खाल्ली नाही, असं चिमा सांगायची. गावातल्या सगळ्याच आयांनी तेच केलं. मग पाऊस आला, भरपूर आला, आणि गावात पेरायला दाणा नव्हता. ओल्या रानाकडं बघत माणसं बसून राहिली आणि मग गाव उठलं. चिमाची आई वाटेतच गेली. चिमानं आईला कधी दोष दिला नाही. माया होती ती. पण ती भाकरी तिच्या घशाखाली कधी पुरती उतरली नाही.

मग कुसळवाडीवरही तीच पाळी आली. एक साल पाऊस झाला नाही. दुसऱ्या साली ढग आले, डोंगराला टेकले आणि निघून गेले. विहिरींचा तळ दिसला. गुरं विकली, मग गुरं मेली. घराघरातलं बियाणं जात्यात गेलं. आणि एका दुपारी सगळ्या गावाला एकदमच चिमाचं पेव आठवलं.

सुभानजी पाटील पुढं, हातात पहार घेतलेले गडी मागं, त्यांच्यामागं काखेत पोरं घेतलेल्या बाया. चिमाला आधीच कळलं होतं. ती पेवाच्या झाकणावर मांडी घालून बसली होती.

"चिमाबाई, उठा," पाटील म्हणाले. "पोरं मरायलीत."

"दिसतंय मला."

"दाणे आमच्याच पोरांचे हायत. तुम्हीच मूठमूठ काढून घेतलेत."

"पोरांचेच हायत, म्हणून बसलेय. किती पुरतील, पाटील? चार दिवस? मग पाऊस आल्यावर काय पेरणार, दगड?"

"पाऊस येईल तेव्हा बघू."

"माझ्या माहेरच्या पाटलानंबी हेच म्हटलं होतं. त्या गावाचं नावसुद्धा आता कुणाला ठाऊक नाही."

राहीबाई पुढं आली. तिच्या कडेवरच्या पोराची मान खांद्यावर पडली होती. "तुझी पोरगी अशी असती ना चिमे, मग बघितलं असतं मी."

तेवढ्यात घराच्या कुडाला धरत हौशी बाहेर आली. तिच्या पायांच्या काड्या झाल्या होत्या. चिमाच्या घरात पेव उघडं असेल, मायलेकी आतल्या आत खात असतील, असं ज्यांना वाटत होतं त्यांनी त्या पोरीकडं पाहिलं आणि खाली मान घातली.

हौशी आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मला मूठभर दे."

सगळे थांबले. कारण आता तिनं लेकीला दिलं असतं तर गावाला द्यावंच लागलं असतं. आणि लेकीला देऊ नये, असं म्हणायची तिथं कुणाची छाती होती?

चिमा म्हणाली, "नाही."

"आई, एकच मूठ."

"नाही."

असं म्हणतात की तो शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडला तेव्हा तिच्या बुडाखालचं झाकण थरथरलं. ती मात्र हलली नाही. पाटलांनी गड्याच्या हातातली पहार काढून घेतली आणि जमिनीवर ठेवली. जिनं आपल्या पोटच्या पोरीला दिलं नाही, तिच्याकडं कोण काय मागणार? माणसं आली तशी गेली.

दुसऱ्या दिवशी चिमानं गावातली चालती पोरं गोळा केली आणि रानात नेली. चिंचेखालचे चिंचोके वेचले. तरोट्याचं बी, गवताचं बी, जे मिळेल ते आणलं. सगळं भट्टीत भाजलं आणि वाटलं. या भाजणीतून तिनं मूठ घेतली नाही. स्वतः खाल्लं की नाही, ते कुणी पाहिलं नाही. रात्र झाली की मात्र ती पुन्हा पेवाच्या झाकणावर जाऊन बसायची.

मग तेही संपलं. तेव्हा, असं म्हणतात, तिनं नुसती वाळू कढईत तापवली आणि झाऱ्यानं हलवत राहिली. पोरं भोवती बसली. आणि नुसत्या वाळूतून तडतड ऐकू यायला लागली. लाह्यांचा वास गावभर गेला. पोरांनी तो वास घेतला आणि ती जिथल्या तिथं पोट भरल्यासारखी झोपली. वाळूनं पोट भरत नाही, हे मलाही कळतं. पण त्या उन्हाळ्यात चिमाच्या भट्टीपाशी झोपलेलं एकही पोर दगावलं नाही, असं कुसळवाडी पिढ्यान्‌पिढ्या सांगते, आणि मी सांगणाऱ्यांच्या बाजूची आहे.

हौशी तेवढी त्या पोरांत बसली नाही. ती कुडाच्या आत भिंतीकडं तोंड करून पडून असायची. चिमा तिच्या उशाशी चिंचोके ठेवायची. पोरगी खायची, पण आईला आई म्हणायची नाही. त्या दुपारपासून ती हाक बंद झाली.

मृग लागला आणि पाऊस आला. चिमा झाकणावरून उठली, पण पाय मुडपून बसायची इतकी सवय झालेली की दोघींनी धरून उभं करावं लागलं. तिनं पेव उघडलं. बियाणं मोठ्या माणसांच्या हातात दिलं नाही. पोरांची रांग लावली आणि एकेकाला म्हणाली, "तुझी मूठ तू घे." असं म्हणतात की पोरांच्या त्या इवल्या मुठीतलं बियाणं तिफणीच्या चाड्यात, म्हणजे पेरायच्या लाकडी वाटीत, ओतलं की अख्खं रान पेरून व्हायचं, तरी चाडं रितं व्हायचं नाही. पांढरी, पिवळी, लाल, सगळ्या घरांची ज्वारी पेवात एक झाली होती. त्या साली कुणाच्याच रानात एका रंगाचं कणीस दिसलं नाही.

राहीबाई येऊन पाया पडायला वाकली. चिमा म्हणाली, "पाया कसल्या पडतीस, रान वाळायच्या आत पेरायला जा."

गाव जगलं. हौशीही जगली, मोठी झाली, लग्न होऊन दूर नदीकाठच्या गावाला गेली. सणाला यायची. जेवायची, भांडी घासायची, जाताना "येते" म्हणायची. आई म्हणायची नाही. चिमानं कधी मागितलंही नाही.

वर्षं गेली. हौशीला पोरगा झाला. मग तिच्याही गावाला वाईट साल आलं. घरात बियाण्याचं मडकं तेवढं भरलेलं. पोरगा मडक्याला मिठी मारून म्हणाला, "आई, मूठभर दे." हौशीचा हात मडक्यात गेला. दाणे बोटांना लागले. आणि तिनं हात रिकामा बाहेर काढला.

"नाही," ती म्हणाली. आपला आवाज तिला ओळखू आला नाही. ती चुलीपाशी बसून किती वेळ रडली, ते तिच्या सासूनं पुढं सगळ्यांना सांगितलं.

मग तिनं पोराला कडेवर घेतलं आणि उन्हातान्हात माहेरची वाट धरली. कुसळवाडीत पोचली तेव्हा पायांची कातडी निघाली होती. चिमा आता थकली होती, पण भट्टीपाशीच बसलेली होती.

"आई," हौशी म्हणाली.

चिमाचा झारा थांबला.

"आई, मी याला नाही म्हटलं."

चिमानं नातवाकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं. मग म्हणाली, "जमलं तुला?"

"जमलं."

"मला जमलं नव्हतं गं. तोंडानं म्हटलं तेवढं." आणि तिनं भट्टीत काटक्या सारल्या. "बस. भुकेजली असशील."

चिमा त्याच साली गेली. असं म्हणतात की तिला अग्नी दिला त्या जागी पुढच्या पावसात न पेरलेली ज्वारी उगवली, आणि पाखरांनी त्या कणसांना चोच लावली नाही.

आजही कुसळवाडीत पेरणीच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरात बियाण्याची पाटी मधे ठेवतात. पोरं पाटीपुढं बसतात आणि म्हणतात, "आई, मूठभर दे." आई म्हणते, "नाही." पोरं आईच्या पाया पडतात. मगच बियाणं रानात जातं. बाहेरून आलेल्या नव्या सुनांना पहिल्या वर्षी हे कठोर वाटतं, शब्द निघत नाही. सासवा घाई करत नाहीत. थांबतात.

आणि ज्यांची आई जगात नाही, ती माणसं चिमाच्या भट्टीच्या जागेवर जातात. पांढऱ्या मिशांचे म्हातारेसुद्धा. जमिनीवर बसून मातीच्या ढिगाला म्हणतात, "आई, मूठभर दे." तेव्हा तिथं जी बाई उभी असेल, कुठल्याही घरची, कुठल्याही वयाची, तिनं उत्तर द्यायचं असतं. कधी ती कालची लग्न झालेली पोर असते. ती पदर सावरते आणि म्हणते, "नाही." आणि म्हातारा वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवतो.