हरणाआत्याची गप्प घंटा

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. घाटात तेव्हा गाडीरस्ता नव्हता, कोकणातलं मीठ तट्टांच्या पाठीवरून वर यायचं. घाटमाथ्यावर कारवट नावाचं गाव होतं, आणि त्या गावात हरणाआत्या राहायची. ऐन तारुण्यात कुंकू पुसलं गेलं अन् ती माहेरी आली, ती कायमचीच. भाऊ दौलती, त्याची बायको, पोरंबाळं आणि दावणीची तट्टं, एवढाच तिचा संसार. दौलतीची थोरली पुतळा तर तिच्याच कुशीत वाढली. ठेच लागली की पोर आईला नाही, आत्याला हाक मारायची.

घोड्यानं चारा सोडला की आत्या जेवण सोडायची. रानातल्या ओल्या झाडाला कुणाला कोयता लावू द्यायची नाही, मग तो पाटील का असेना. तिनं साद घातली की चरायला गेलेली तट्टं तर यायचीच, पण रानातले मोरही मान वळवायचे, असं म्हणतात. खरं-खोटं त्या रानाला ठाऊक, बाबांनो.

घाटात धुई उतरली की स्वतःचा हात दिसत नसे. म्हणून सगळ्यात जाणती घोडी पुढं चालायची, तिच्या गळ्यात पितळी घंटा असायची. घंटेमागं तट्टं आणि तट्टांमागं माणसं. त्या घोडीचं नाव सावळी. म्हातारी झाली होती, दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं, तरी घाटातला दगड न् दगड तिच्या खुरांना पाठ होता.

माघात पुतळाचं लग्न ठरलं. सोयरे कोकणातले, वऱ्हाड घाट उतरून जायचं होतं. दौलतीला वाटलं, आंधळ्या घोडीमागून गेलो तर सोयरे तोंडावर हसतील. त्यानं सावळीच्या गळ्यातली घंटा सोडली आणि पाखऱ्याला बांधली. पाखऱ्या कोवळा, देखणा घोडा. त्याच्यावरच पुतळा बसणार होती.

आत्या आडवी आली. "दौलती, वाट घंटेला ठावं न्हाई रं. वाट सावळीला ठावं हाय."

चारचौघांत बहीण बोलली, दौलतीचं डोकं फिरलं. "आक्का, शुभकार्य हाय. तुझ्यासारखीनं आज पुढं पुढं करू नये!"

झालं! धनुष्यातून बाण सुटला. आत्यानं लांबूनच पुतळाची दृष्ट काढली, बोटं कानशिलावर मोडली आणि सावळीला घेऊन माथ्यावर एकटी बसून राहिली.

वऱ्हाड निम्मा घाट उतरलं आणि धुईनं घाट भरला. एक वळण होतं, तिथं वाट एका घोड्यापुरतीच. तिथं पाखऱ्या बिचकला. दगड सुटले, घोडा गेला, घोड्यासंगं नवरी गेली. "आत्या!" एवढीच हाक वर आली.

घंटा मात्र वाजत राहिली. पट्टा तुटून ती कड्याखालच्या झुडपात अडकली होती आणि वाऱ्यानं हलत होती. मुक्या जनावरांना काय कळणार? घंटेमागं जायचं, एवढंच ती जन्मभर शिकलेली. सगळी तट्टं कड्याकडं ओढ घेऊ लागली. पुढच्या तट्टावर दौलतीची बायको, तिच्या कडेवर तान्हं पोर. दौलती लगामाला लोंबकळला. लेक गेली होती आणि रडायलाही सवड नव्हती. त्याचे पाय घसरत होते.

माथ्यावर आत्यानं घंटा ऐकली. ती भलत्याच जागेवरून वाजत होती. आत्या उठली. त्या दिवशी तिचे पाय जमिनीला लागलेच नाहीत, असं म्हणतात. एवढ्याशा वाटेवरून आंधळी घोडी साऱ्या वऱ्हाडाला ओलांडून पुढं कशी गेली, हे पुढं कुणालाच सांगता आलं नाही. आत्यानं सावळीचा दोर दौलतीच्या हातात दिला.

"सोडू नगंस. मी घंटा गप्प करते."

पुतळाचं नाव दोघांनीही घेतलं नाही. झुडपं धरत धरत आत्या खाली उतरली आणि धुईत दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं घंटा थांबली. तट्टांनी कान टवकारले, सावळीचा वास घेतला आणि गुमान तिच्यामागं चालू लागली. वऱ्हाडातलं मागं राहिलेलं एकूण एक माणूस खाली पोचलं.

धुई फाटल्यावर दौलती कड्याखाली गेला. पुतळाचं डोकं आत्याच्या मांडीवर होतं. दोघीही गार पडल्या होत्या. आत्याचा हात घंटेच्या आत होता, लोलकावर मूठ आवळलेली. ती मूठ कुणाला उघडता आली नाही, घंटेसकट अग्नी द्यावा लागला, असं म्हणतात. दौलती तिचे पाय धरून लहान पोरासारखा ओरडत होता, "आक्का, चूक झाली गं! ऊठ, तूच पुढं हो!" पण आक्का आता कशाची उठते?

सावळी त्या वळणावर जाऊन उभी राहिली. तिनं गवताला तोंड लावलं नाही, पाण्याला लावलं नाही, आणि तिथंच उभ्या उभ्या जीव सोडला. तिच्या खुरांचे ठसे खडकात अजून दाखवतात.

आता घाटात डांबरी रस्ता झालाय, तट्टं जाऊन जीपगाड्या आल्यात. पण कारवटची नवरी निघाली की वळणाआधी गाड्या थांबतात. हॉर्न बंद, बँड बंद. गावातली एखादी विधवा बाई मूठ आवळून पुढं होते आणि नवरीसकट सारं वऱ्हाड तिच्यामागून पायी वळण ओलांडतं. तिचं आमंत्रण सगळ्यांच्या आधी जातं. दौलती होता तोवर दर लग्नात तोच त्या बाईच्या दारी जायचा. आता नवरीचा बाप जातो. बाई वयानं लेकीएवढी असली तरी तो डोक्यावरची टोपी काढतो, हात जोडतो आणि म्हणतो, "आक्का, तूच पुढं हो."