न सांगितलेला तडा

तीन रात्री सुभगेच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मुलगी पाच वर्षांची झाली. शेजारच्या मुली घडाघडा गाथा म्हणतात, आणि ही तिष्या मडक्यांना कान लावून बसते. त्या दिवशी सकाळी तर नव्या माठाला टिचकी मारून ती म्हणाली, "आई, हा रडतोय."

"माठ कधी रडतात का गं? हो बाजूला!" असे म्हणून सुभगेने माठ भरला आणि मुलीचे बखोट धरून विहार गाठला. उणे मुलीत आहे की आईत, हे तरी एकदा कळावे.

तिचे गाऱ्हाणे ऐकून शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, तिष्येकडे पाहिले. ती त्यांच्या भिक्षापात्रावर हळूच टिचक्या मारत होती. "राहू दे तिला," ते म्हणाले. "सुभगे, तू अशी आजच घाबरलीस असे नाही. पूर्वीही घाबरली होतीस." आणि त्यांनी गतजन्मीची गोष्ट सांगितली.

पूर्वी गोदावरीकाठच्या पोतन नगरात अश्मक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कुंभारकुळात जन्मले आणि उतारवयात राजाचे कुंभार झाले. त्यांच्या घरी श्यामा नावाची सून आली. तिला चाकावर बसायचे होते. सासऱ्यांनी तिला आव्यापाशी बसवले. आवा निवला की भाजलेले एकेक भांडे बाहेर काढायचे, बोटाच्या पेराने वाजवायचे आणि बद्द वाजेल ते बाजूला सारायचे, एवढेच तिचे काम.

पाणवठ्यावर बाया हसत. "काय गं श्यामे, मडकी ठोकून ठोकूनच म्हातारी होणार का? सासरा चाकाला हात लावू देत नाही वाटतं?"

श्यामा घरी येऊन धुसफुसली. "मामंजी, मडकं वाजवून तर गिऱ्हाईकही घेतं. त्याला मी कशाला?"

"गेलेला तडा गिऱ्हाइकाला ऐकू येतो, पोरी. तुला उद्या जाणारा ऐकू येतो. उभ्या आयुष्यात मला तो कान लाभला नाही."

श्यामा मनात म्हणाली, सासऱ्याने कौतुक केले की समजावे, काम वाढले.

एका उन्हाळ्यात राजाने कोरड्या पठारापलीकडे गाड्यांचा तांडा पाठवायचे ठरवले आणि वाटेतल्या पाण्यासाठी चाळीस रांजण मागवले. श्यामेने ते सगळे वाजवले. एकतिसावा खणखणीत वाजला, पण नाद विरता विरता शेवटी किंचित थरथरला. तिने पुन्हा वाजवला. पुन्हा तेच. तिचा नवरा रांजणावरून हात फिरवून म्हणाला, "उत्तम उतरलाय की!" बाहेर गाड्या जुंपून उभ्या होत्या. आपल्याला मेलीला काय कळते, असे तिला वाटले.

"सगळे ठीक ना, सूनबाई?" बोधिसत्त्वांनी विचारले.

"हो, मामंजी."

तिसऱ्या मुक्कामावर तो रांजण फुटला आणि त्या गाडीचे मोजून दिलेले पाणी जमिनीत मुरले. माणसे कशीबशी परतली. दोन बैल तहानेने मेले. राजाचा अमात्य कुंभाराच्या दारात येऊन गरजला, "हे रांजण वाजवून कोणी घेतले होते?"

श्यामा दाराआड होती. ती आणखी एक पाऊल मागे सरली.

"वाजवले कोणीही असोत," बोधिसत्त्व म्हणाले, "गेले ते माझ्या शब्दावर. दोष माझा."

राजाच्या कुंभाराचा मान त्याच दिवशी दुसऱ्या घरी गेला. सुनेचे नाव घेतले असते तर तो राहिला असता. त्यांनी ते घेतले नाही.

पुढचा आवा निवला तेव्हा त्यांनी पहिले मडके श्यामेपुढे ठेवले. "वाजव."

"मला नाही कळत, मामंजी. दुसऱ्या कुणाला सांगा."

ते रागावले नाहीत. दर आव्याला ते पहिले मडके तिच्यापुढे ठेवत. ती नाही म्हणे. ते उचलून नेत. अशी सात वर्षे गेली. आठव्या वर्षी ते वारले. त्यानंतरचा आवा निवला, आणि तिच्यापुढे मडके आणून ठेवायला कोणी आले नाही. तेव्हा ती आपणहून उठली, आणि पहिलेच मडके वाजवताना तिला रडू कोसळले. पुढे तिच्या कानाची कीर्ती दूरदूर गेली. पण 'तो रांजण मला ऐकू आला होता' हे ज्या एका माणसाला सांगायचे होते, तो माणूस उरला नव्हता.

गोष्ट संपवून शास्ते म्हणाले, "सुभगे, तेव्हाची श्यामा ती तू. तिचा नवरा आजही तुझा नवराच आहे. आणि तो म्हातारा कुंभार मी होतो. दुसऱ्यात अजून न उमललेले ओळखणे ही प्रज्ञा. त्याने नाही म्हटले तरी पुन्हा पुन्हा मडके पुढे ठेवणे, ही क्षांती."

सुभगेने मुलीजवळ सरकून विचारले, "तिष्ये, सकाळी त्या माठाचं काय म्हणत होतीस गं?"

तिष्येने भिक्षापात्रावरचा हात काढून घेतला.

"तो तर तू पाठ वळवलीस तेव्हाच गळायला लागला होता," ती म्हणाली. "तू रागावशील म्हणून मी नाही सांगितलं."