पाच पाट्यांच्या खुणा

वाशिमात शेषराव टाल्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट स्वस्त होता, पण शेषरावांचा तोरा भारी महाग. घर पाहायला आलेल्या कुंदा इंगोले या नर्सबाईंना त्यांनी दारातच अडवलं.

"आधीच्या घरमालकाचं पत्र आणलंय का, सिस्टर? भाडेकरू सरळ आहे, असं लिहिलेलं? त्याशिवाय मी किल्ली देत नसतो."

सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं आणि दुसरं घर परवडणारं नव्हतं. कुंदाने पर्समधून पत्र काढून दिलं आणि हात तसाच पुढे ठेवला.

"आता तुमचं द्या, काका."

"माझं कसलं?"

"आधीच्या भाडेकरूचं. घरमालक सरळ आहे, असं लिहिलेलं." तिने दाराकडे बोट दाखवलं. नावाच्या पाट्या काढून नेल्याच्या पाच खुणा तिथे होत्या. "या पाचांपैकी कुणाचंही चालेल."

शेजारच्या दारातून टालेकाकू खळखळून हसल्या. "एकाचंही नाही मिळायचं, बाई!"

शेषरावांनी किल्ली काढून दिली.

अकरा महिन्यांनी करार संपला, त्या दिवशी शेषराव कोरा कागद घेऊन दारात हजर.

"नवा करार सावकाश करू, सिस्टर. आधी ते पत्र तेवढं लिहून द्या."